ट्यूब अ‍ॅम्पमधल्या रिलेचा पुरवठा: मायनस कुठे जातं ते आधी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन ईएल३४ (पॉवर ट्यूब) आणि चार ईसीसी८३ (प्रीअ‍ॅम्प ट्यूब) लावून घरी बांधलेला ५० वॉटचा, दोन चॅनलचा गिटार अ‍ॅम्प. क्लीन आणि लीड फूटस्विचने बदलता यावेत म्हणून ५ व्होल्टचे दोन रिले, म्हणजे कॉइलमध्ये करंट गेला की ओढले जाणारे स्विच. त्यांच्यासाठी लागणारा डीसी हीटरच्या (ट्यूबमधल्या तापणाऱ्या तारेच्या) ६.३ व्होल्टच्या वाइंडिंगवरूनच घेतला आहे: एसीचा डीसी करणारा डायोडचा ब्रिज, २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि पुढे ७८०५ हा ५ व्होल्टचा रेग्युलेटर. रिले नव्हते तोवर अ‍ॅम्प शांत होता. आता सतत घरघर येते, आणि चॅनल बदलताना स्पीकरमधून ठप्प आवाज येतो. जोडणी तीनदा तपासली, चूक सापडत नाही. सोबत फोटोही पाठवला आहे.

घरघर आणि ठप्प ही दोन वेगळी दुखणी आहेत. एकाच दिवशी सुरू झाली म्हणून त्यांचं मूळ एकच असेल असं धरू नका. आधी घरघर घेऊ, कारण तिचं मूळ थेट पुरवठ्यात आहे.

हीटरचं वाइंडिंग तुमच्या अ‍ॅम्पमध्ये मोकळं नाही. त्याच्या दोन्ही टोकांपासून १०० ओहमचा एकेक रेझिस्टर ग्राउंडला गेला आहे. त्यामुळे एक टोक ग्राउंडच्या वर जातं तेव्हा दुसरं तेवढंच खाली जातं. दोन्ही तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात, एकीचा हम दुसरी खोडते, आणि म्हणूनच अ‍ॅम्प शांत राहतो. आता या वाइंडिंगवर ब्रिज लावला आणि ब्रिजचं मायनस ग्राउंडला टेकवलं की हा तोल मोडतो. प्रत्येक अर्ध्या सायकलमध्ये जे टोक खाली जाऊ पाहतं त्याला ब्रिजमधला डायोड ग्राउंडपाशीच धरून ठेवतो, फार तर ०.७ व्होल्ट खाली जाऊ देतो. दुसरं टोक मग एकटंच ८ व्होल्टच्या वर उडतं. दोन्ही तारा आळीपाळीने एकाच दिशेला उसळायला लागतात आणि खोडाखोड संपते. प्रत्येक ट्यूबच्या हीटरपाशी १०० हर्ट्झची धडक बसते, आणि डायोड चालू-बंद होतानाचे टोकदार धक्के त्यावर बसतात. साधा हीटरचा हम ५० हर्ट्झचा, गोल आणि खोल असतो. तुम्ही ज्याला घरघर म्हणता तो आवाज या जोडणीचाच आहे.

रेझिस्टरऐवजी वाइंडिंगचा सेंटर टॅपच (मधोमध काढलेली तार) थेट ग्राउंडला असता तर प्रकरण घरघरीवर भागलं नसतं. तिथे अर्धं वाइंडिंग डायोडमधून सरळ शॉर्ट होतं. डायोड जातो, फ्यूज जातो, आणि फ्यूज मोठा असेल तर ट्रान्सफॉर्मर तापत राहतो. हा धोका गंभीर आहे. अशा वाइंडिंगवर ब्रिज चढवण्याआधी सेंटर टॅप कुठे गेलाय ते बघितल्याशिवाय सोल्डरिंग आयर्न हातात घेऊ नका.

तुम्ही म्हणाल, मी मायनस ग्राउंडला जोडलेलंच नाही. सर्किटच्या कागदावर नसेलही. पण प्रत्यक्षात ते दोन ठिकाणांहून हमखास टेकतं. पहिली जागा म्हणजे फूटस्विचचा जॅक. धातूचा जॅक चॅसिसच्या भोकात नटाने कसला की त्याचा स्लीव्ह, म्हणजे बाहेरचा धातूचा भाग, चॅसिसला लागलाच. रिलेचा करंट फूटस्विचमधून त्याच स्लीव्हवर परत येत असेल तर पुरवठ्याचं मायनस ग्राउंड झालं. दुसरी जागा ७८०५ स्वतः. त्याच्या पाठीवरचा पत्रा आतून मधल्या पायाला, म्हणजे मायनसला जोडलेला असतो. तो थंड राहावा म्हणून चॅसिसला स्क्रूने आवळला की काम झालं. अभ्रकाची चकती आणि स्क्रूला प्लास्टिकचा बुश घातल्याशिवाय तो तिथे लावायचा नाही. तुमच्या फोटोत रेग्युलेटर थेट चॅसिसवर दिसतो आहे, त्यामुळे माझा पहिला संशय तिथेच आहे.

तपासणी सोपी आहे. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळी तार चॅसिसला आणि लाल तार २२०० मायक्रोफॅरडच्या मायनस पायाला. अ‍ॅम्प चालू असताना पुरवठा खरोखर मोकळा असेल तर साधारण उणे ३ ते ४ व्होल्ट दिसतील. शून्य दिसलं तर तो कुठेतरी टेकला आहे. आधी फूटस्विचच्या जॅकच्या स्लीव्हवरची तार सोडवून बघा, मग रेग्युलेटरचा स्क्रू सोडवून. ज्या क्षणी आकडा उण्याकडे सरकेल, जागा सापडली. हे मोजताना चॅसिसच्या आत साडेचारशे व्होल्टच्या आसपासचा बी-प्लस (ट्यूबच्या प्लेटचा डीसी पुरवठा) जिवंत असतो, तेव्हा क्लिप आधी लावून मग अ‍ॅम्प चालू करा, चालू अ‍ॅम्पमध्ये हात घालू नका. काहीही सोल्डर करण्याआधी किंवा स्क्रू सोडवण्याआधी मेनचा प्लग काढा आणि फिल्टर कपॅसिटरवरचं व्होल्टेज मीटरने खाली आलेलं स्वतः बघा. ब्लीडर रेझिस्टर (कपॅसिटर रिकामा करणारा) लावलाय म्हणून विश्वासावर राहू नका, ब्लीडरचं एक टोक सुटलेलंही असू शकतं.

आता व्होल्टेजचा हिशोब, कारण ७८०५ची निवडही इथे तंग आहे. ६.३ व्होल्ट एसीचं शिखर ८.९ व्होल्ट. ब्रिजमध्ये एका वेळी दोन डायोड वाहतात, तेव्हा साध्या १एन४००७वर दीड व्होल्ट गेला. उरले ७.४. ऑम्रॉनच्या जी५व्ही-२ जातीच्या ५ व्होल्टच्या रिलेची कॉइल ५० ओहमची असते, म्हणजे एकेक रिले १०० मिलिअ‍ॅम्पिअर खातो. दोन्ही ओढले की २०० मिलिअ‍ॅम्पिअर, आणि २२०० मायक्रोफॅरडवर त्याचा रिपल (डीसीवर उरलेला चढउतार) पाऊण ते एक व्होल्ट. म्हणजे दर सायकलला व्होल्टेज साडेसहाच्या आसपास उतरतं. ७८०५ला नीट काम करायला वरून निदान ७ व्होल्ट लागतात. तो बिचकतो, आणि त्याच्या आउटपुटवर १०० हर्ट्झचे खड्डे पडतात. रिले पडत नाही, कारण कॉइलला ओढायला ४ व्होल्टही पुरतात. पण ते खड्डे कॉइलमधून शेजारच्या सिग्नलच्या पत्र्यांपर्यंत, म्हणजे रिलेच्या कॉन्टॅक्टपर्यंत, पोचतात.

यावर दोन उपाय आहेत. ब्रिजमध्ये १एन५८१९सारखे शॉट्की डायोड लावले तर जवळजवळ एक व्होल्ट वाचतो. आणि रेग्युलेटर एलएम२९४०चा ५ व्होल्टवाला घेतला तर त्याला आउटपुटच्या वर अर्धा व्होल्टसुद्धा पुरतो. फक्त त्याच्या आउटपुटला किमान २२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर अगदी पायाशी हवा, नाहीतर तो स्वतःच डोलायला लागतो. त्याचाही पत्रा मायनसलाच जोडलेला असतो हे विसरू नका.

माझं स्पष्ट मत मात्र असं की रिलेला रेग्युलेटर लागतच नाही. कॉइल हे काही मायक्रोकंट्रोलर नव्हे. तिला तिच्या व्होल्टेजच्या पाऊणपट मिळालं की ती ओढते, आणि ओढल्यावर त्याहून कितीतरी कमीवर धरून ठेवते. शॉट्कीच्या ब्रिजनंतर सरासरी पावणेआठ व्होल्ट मिळत असतील तर प्रत्येक कॉइलच्या सिरीजमध्ये २७ ओहमचा अर्ध्या वॉटचा रेझिस्टर घाला. १०० मिलिअ‍ॅम्पिअरला त्यावर २.७ व्होल्ट पडतात, कॉइलला ५ मिळतात, विषय संपला. त्याच रेझिस्टरच्या पुढे, कॉइलच्या दोन पायांवर १०० मायक्रोफॅरड लावले की रिपल दबतो आणि कॉइलवर व्होल्टेज एकदम उडी न मारता चढतं. हा दुसरा फायदा पुढे ठप्पच्या वेळी कामाला येईल. रिले सुटायला काही मिलिसेकंद उशीर होतो, पण वाजवताना तो कळत नाही.

वाइंडिंगची ताकदही बघून घ्या. ईएल३४ला दीड अ‍ॅम्पिअर, ईसीसी८३ला ०.३. दोन आणि चार मिळून ४.२ अ‍ॅम्पिअर झाले. ब्रिजमागे मोठा कपॅसिटर असला की वाइंडिंगमधून डीसीच्या पावणेदोन पट एसी करंट ओढला जातो, म्हणजे आणखी ०.३५. पाच अ‍ॅम्पिअरचं वाइंडिंग असेल तर चालेल. चार अ‍ॅम्पिअरचं असेल तर ते आधीच जादा ओझ्याखाली आहे, त्यावर रिले लादू नका. आणखी एक: परदेशी किटमधल्या ट्रान्सफॉर्मरचं प्रायमरी २२० व्होल्टचं असेल आणि तुमच्याकडे लाइन २४० येत असेल, तर हीटरला ६.३ ऐवजी ६.८-६.९ मिळतात. वरचे सगळे आकडे त्या हिशोबाने वाढवा, म्हणजे रेझिस्टर लावण्याआधी प्रत्यक्ष व्होल्टेज मोजा.

पण मुळात हीटरचं वाइंडिंग वापरावंच का? जागा नाही, पैसे नाहीत, दुसरं वाइंडिंग नाही, ही तीन कारणं मला पटतात. याखेरीज मी ते टाळतो.

तुमच्या पॉवर ट्रान्सफॉर्मरला रेक्टिफायर ट्यूबसाठी ५ व्होल्टचं वेगळं वाइंडिंग आहे आणि तुम्ही सिलिकॉन डायोड वापरलेत, असं तुम्हीच लिहिलंय. मग ते वाइंडिंग रिकामंच पडलंय. ते कशालाच जोडलेलं नाही, त्यामुळे त्याच्या ब्रिजचं मायनस तुम्ही बिनदिक्कत ग्राउंडला नेऊ शकता. शिखर ७.१ व्होल्ट, शॉट्कीनंतर ६.४, सिरीजला १५ ओहम, आणि ५ व्होल्टचा रिले खुशाल चालतो. रिकामं वाइंडिंग हलक्या ओझ्याला थोडं जास्तच व्होल्टेज देतं, तेव्हा इथेही मोजून रेझिस्टर ठरवा. तुमच्या अ‍ॅम्पसाठी मी हाच मार्ग सांगेन. मात्र वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या अ‍ॅम्पमध्ये जीझेड३४ किंवा ५यू४ ही रेक्टिफायर ट्यूब खरोखर बसलेली आहे, त्यांनी या वाइंडिंगला हात लावायचा नाही. तिथे ते वाइंडिंग रेक्टिफायरच्या कॅथोडवर, म्हणजे पूर्ण बी-प्लसवर असतं. तिथून रिलेचा पुरवठा काढला तर चारशे व्होल्ट थेट फूटस्विचमध्ये, म्हणजे पायाखाली येतील.

रिकामं वाइंडिंग नसेल तर वेगळा छोटा ट्रान्सफॉर्मर. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत ९-०-९, ५०० मिलिअ‍ॅम्पिअर म्हणून मागितलं की मिळतो. प्रायमरी मेन स्विचच्या पुढे, स्वतःच्या छोट्या फ्यूजमधून. त्याचं एकच ९ व्होल्टचं अर्धं वाइंडिंग वापरून ब्रिज लावला तर १२ व्होल्टचे रिले आरामात चालतात, आणि १२ व्होल्टच्या जी५व्ही-२ला करंटही कमी लागतो, एकेकाला ४२ मिलिअ‍ॅम्पिअरच्या आसपास. ट्रान्सफॉर्मर इनपुट जॅकपासून आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरपासून लांब बसवा, आणि स्क्रू आवळण्याआधी हातात धरून फिरवून बघा, कोणत्या कोनात हम सर्वांत कमी येतो ते कानाला लगेच कळतं. हातात धरताना त्याच्या मेनच्या जोडावर इन्सुलेशनची स्लीव्ह चढवलेली असलीच पाहिजे. ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेणार असाल तर वाइंडरला आधीच ९ व्होल्टचं जादा वाइंडिंग सांगून ठेवा, त्याला ते किरकोळ काम आहे.

मोबाइलच्या चार्जरमधला बोर्ड काढून आत बसवण्याची कल्पना अनेकांना सुचते. मी ती सुचवत नाही. त्यातला स्विचिंगचा गोंगाट हाय गेन चॅनलमध्ये शिट्टीसारखा ऐकू येतो, आणि स्वस्त चार्जरचं मेनपासूनचं इन्सुलेशन कसं आहे हे बाहेरून कळत नाही. बायसच्या (पॉवर ट्यूबचा करंट आवरणाऱ्या उणे व्होल्टेजच्या) वाइंडिंगवरूनही रिले चालवू नका. त्यात करंट नसतो, आणि रिले ओढताना बायस हलला तर ईएल३४ लाल होतील.

ग्राउंड कुठून घ्यायचं, हा पुढचा मुद्दा. ब्रिज आणि पहिला कपॅसिटर यांच्यामध्ये करंट सलग वाहत नाही, प्रत्येक शिखराला एक जोरकस झटका जातो. हा झटका वाइंडिंग, ब्रिज आणि कपॅसिटर एवढ्याच वर्तुळात फिरला पाहिजे. म्हणून ब्रिजचं मायनस थेट कपॅसिटरच्या मायनस पायावर, आणि चॅसिसकडे जाणारी एकच तार त्या पायावरून, ब्रिजवरून नाही. ती तार मुख्य फिल्टर कपॅसिटरच्या ग्राउंडपाशी न्या, प्रीअ‍ॅम्पच्या ग्राउंडला नाही. फूटस्विचसाठी प्लास्टिकच्या अंगाचा जॅक वापरा आणि रिलेचा परतीचा करंट स्वतंत्र तारेने त्याच कपॅसिटरवर आणा. वेगळं वाइंडिंग असलं तरी हे पाळा. जॅकचा स्लीव्ह चॅसिसला लागलेला असेल तर रिलेचा करंट चॅसिसच्या पत्र्यातून इनपुट जॅकच्या शेजारून वाहतो, आणि दर स्विचिंगला तिथे एक छोटा धक्का बसतो. सगळं नीट करूनही बारीक ठप्प उरतो तो बहुतेक इथला असतो.

हीटर उंचावलेले असतील, म्हणजे हम कमी करण्यासाठी त्यांना ४०-५० व्होल्ट डीसीवर बसवलं असेल, तर हीटरवरचा रिले पुरवठाही तेवढ्याच उंचीवर जातो आणि फूटस्विचच्या तारेत ते व्होल्टेज येतं. तिथे वेगळा ट्रान्सफॉर्मर हाच मार्ग आहे.

आता ठप्प. याचं सर्वांत मोठं कारण कॉइल नसून पत्र्यांवर साचलेला डीसी आहे. कपलिंग कपॅसिटरच्या (डीसी अडवून सिग्नल पुढे सोडणाऱ्या) पुढचं टोक रिलेच्या उघड्या पत्र्यावर लोंबकळत असेल, ग्राउंडकडे जायला कुठलाच रेझिस्टर नसेल, तर कपॅसिटरच्या किंचित गळतीनेही ते टोक हळूहळू चढत जातं. रिले मिटला की साचलेलं सगळं एका क्षणात पुढच्या ट्यूबच्या ग्रिडवर (सिग्नल घेणाऱ्या पायावर) आदळतं, आणि लीड चॅनल तो हजारपट करून स्पीकरला देतो. उपाय म्हणजे रिलेच्या प्रत्येक सिग्नल पत्र्यापासून ग्राउंडला एकेक मेगओहम, ग्रिडशी समांतर येऊन टोन बदलत असेल तर २.२ किंवा ४.७ मेगओहम. कोणताही पत्रा कधीही अधांतरी राहता कामा नये. याची एक छान खूण आहे: संशय असलेल्या पत्र्यावर मल्टीमीटर डीसीवर लावा आणि चॅनल बदला. मीटर लावलेला असताना ठप्प नाहीसा झाला तर निदान पक्कं, कारण मीटरचा स्वतःचा १० मेगओहमचा रेझिस्टन्सच साचलेलं ओढून घेतोय.

कॅथोडचा बायपास कपॅसिटर रिलेने आत-बाहेर करत असाल तर तिथेही हेच घडतं. बाहेर असताना तो रिकामा होतो, आत येताना कॅथोडचे दीड-दोन व्होल्ट एकदम ओढून घेतो. रिलेच्या पत्र्यांवर आडवा एक मेगओहम लावला की कपॅसिटर बाहेर असतानाही भरलेला राहतो. सिग्नलमध्ये त्याचा काही फरक पडत नाही.

पत्र्यांच्या तारा काढून ठेवून नुसती कॉइल चालू-बंद केली आणि तरीही ठप्प आला, तर मग कॉइल दोषी. कॉइलवर उलटा डायोड आहे ना बघा, पट्टा प्लसकडे, १एन४१४८ चालतो. वर सांगितलेला सिरीज रेझिस्टर आणि १०० मायक्रोफॅरड इथे कामाला येतात. कॉइलच्या तारा पिळून चॅसिसच्या कोपऱ्यातून न्या, ग्रिडच्या तारांना आडव्या छेदून, समांतर नाही.

रिलेच्या निवडीबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो. बाजारात सर्वांत सहज मिळतो तो निळा शुगर क्यूब रिले, ७ किंवा १० अ‍ॅम्पिअरवाला. दुकानदार म्हणेल जास्त अ‍ॅम्पिअरचा घ्या, मजबूत आहे. गिटारच्या सिग्नलला तो नको. त्याचे पत्रे चांदीच्या मिश्रधातूचे असतात आणि मोठ्या करंटची ठिणगी त्यांना साफ ठेवते. मायक्रोअ‍ॅम्पिअरच्या सिग्नलला त्यांच्यावर काळपट थर चढतो आणि काही महिन्यांनी आवाज मध्येच बसतो, खरखरतो. सिग्नल रिलेच घ्या, सोन्याचा मुलामा असलेल्या पत्र्यांचा: जी५व्ही-२, किंवा पॅनासॉनिकचा टीक्यू२, ज्याची ५ व्होल्टची कॉइल ३० मिलिअ‍ॅम्पिअरहूनही कमी घेते. टीक्यू२ मिळाला तर तुमचा सगळा पुरवठ्याचा हिशोबच हलका होतो, फक्त सिरीज रेझिस्टर त्या करंटनुसार पुन्हा काढा. आणि प्लेटचं व्होल्टेज या रिलेंच्या पत्र्यांवर कधीही आणायचं नाही. ते अडीचशे-तीनशे व्होल्टसाठी बनलेले नाहीत. स्विचिंग नेहमी कपलिंग कपॅसिटरच्या पुढे करायचं.

तुमच्या अ‍ॅम्पपुरतं सांगायचं तर क्रम असा ठेवा. आधी रिलेचा ब्रिज हीटरवरून पूर्ण सोडवा आणि एखाद्या ६ व्होल्टच्या बॅटरीवर रिले चालवून बघा. घरघर गेली आणि ठप्प राहिला, तर वर सांगितलेलं सगळं लागू आहे: पुरवठा ५ व्होल्टच्या रिकाम्या वाइंडिंगवर न्या आणि पत्र्यांना एकेक मेगओहम द्या. बॅटरीवरही घरघर तशीच राहिली, तर रिले निर्दोष आहेत. मग बोर्ड बसवताना हीटरची पिळलेली जोडी कुठे ओढली गेली आणि इनपुटच्या ग्रिडच्या तारेजवळ आली का, ते बघा. लाकडी काडीने ती जोडी चॅसिसच्या कोपऱ्यात दाबून धरा आणि ऐका.